लाल पिसांचे हंस

एल्डरफर्ड, ट्वीड नदीचा दक्षिण काठ
संत स्विदिनचा दिवस, जुलै १४०२

पूजनीय मरियोटाताईस, धाकटा भाऊ गिल्बर्ट याचा नमस्कार.

विनंती अशी की, इंग्लंडच्या राज्यावर परचक्र आलं आहे. शत्रूनं आज भल्या सकाळी नदी ओलांडली, एकही शिपाई न गमावता माझ्या परसात प्रवेश केला आणि मी प्रार्थना आटोपून बाहेर येईपर्यंत कोबीच्या दोन ओळी बेचिराख करून टाकल्या. सैन्याची शिस्त वाखाणण्यासारखी होती. एकामागे एक, माना ताठ, सेनापती सर्वांत पुढे. या सेनापतीला मी चांगला ओळखतो. तुमच्या मठातला तो थोराड नर हंस, ज्याला तुम्ही भगिनींनी, देव तुम्हाला क्षमा करो, ‘बिशप’ असं नाव ठेवलं आहे.

हंसाच्या विवेकाची मी पुष्कळ स्तुती ऐकली आहे. अनुभव एवढाच, की माझी कोबी कोणती आणि शेजारच्या हॉबची कोणती, हा भेद त्याला अचूक कळतो. हॉबच्या वाफ्याला चोचसुद्धा लावली नाही. हॉब म्हणतो, “पाद्रीबाबा, तो बिशप आहे. चर्चच्या मालमत्तेवर त्याचा हक्क असणारच.” हॉब आमच्या गावात बाण बनवतो आणि माझ्या चर्चची घंटा वाजवतो. दोन्ही कामं नेमानं करतो, म्हणून त्याची जीभ मी सहन करतो.

तर हॉबनं सगळी फौज हाकून गावच्या कोंडवाड्यात घातली. तेवढ्यात नदीतून ओलाचिंब निनियन वर आला. हंस गेले तसा हाही त्यांच्या मागोमाग पोहत निघाला होता.

“काय रे,” हॉबनं विचारलं, “स्कॉटलंडची फौज एवढीच उरली का?”

“ही आघाडी. बाकीची वाटेत आहे.”

हॉबच्या बायकोनं त्याला चुलीपाशी बसवलं आणि ओटची भाकरी दिली. त्यानं किती खाल्ल्या ते मोजायचं तिनं सोडून दिलं. हॉब म्हणाला, “शत्रूचं अन्न आहे रे, जरा विचार कर.” निनियन म्हणाला, “शत्रूचं आहे म्हणून तर संपवतोय.”

एकोणीस वर्षांचा झाला, ताई. हनुवटी अगदी आपल्या धाकट्या बहिणीची. ती गेली तेव्हा तू मठाच्या गोठ्यापाशी पाळणा टांगून त्याला वाढवलंस. मी त्याला बाप्तिस्मा दिला आणि याच काठावरून पोहायला शिकवलं. पण आत येताना पाय पुसावेत, एवढं काही आपण दोघं मिळून त्याला शिकवू शकलो नाही.

माझ्या कोबीची भरपाई काय, ते कळवावं. तोवर बिशप कैदेत राहतील.

तुझा,
गिल्बर्ट

•

मठ, उत्तर काठ
संत जेम्सचा दिवस, जुलै १४०२

गिब,

तुझी तक्रार जेवणाच्या वेळी मोठ्यानं वाचून दाखवली. जेवताना आम्ही मौन पाळतो. आज पाळता आलं नाही, त्याचं प्रायश्चित्त सगळ्यांना मिळालं. ते तुझ्या खात्यावर.

सीमा राजांनी आखली आणि नदी देवानं वाहती केली. बिशपला दोन्हींतली फक्त नदी दिसते, आणि ती त्याला रस्ता वाटते. त्याचा काही दोष नाही. आपणही लहानपणी तसेच वागायचो.

भरपाई म्हणून पिसं घे. सध्या त्यांचा पिसं झडायचा काळ आहे, कोंडवाडाभर पडलीच असतील. आमच्या हंसांच्या पंखांवर मंजिष्ठेचा लाल पट्टा ओढलेला असतो, ते मठाचे म्हणून ओळखू यावेत यासाठी. लाल पिसं तुझ्या हॉबला चालत असतील तर तीही घे. मला तेवढे हंस परत पाठव.

पत्र वॅट आणतो आहे, अंड्यांच्या टोपलीत. त्याला काहीतरी गरम प्यायला दे. हंस राखून राखून म्हातारा झाला, आणि वसंतात लागलेला खोकला अजून सुटलेला नाही. आमच्या भिंतीच्या आत पुरुष म्हणजे तो आणि निनियन. एकाला दम नाही, दुसऱ्याला पोच नाही.

आता खरं सांगते. निनियन सरदाराच्या फौजेत नाव देऊन आला आहे. जूनमध्ये आमची माणसं निस्बेटच्या माळावर मेली, तेव्हापासून इथली पोरं धड जेवत नाहीत. मोठे लोक म्हणतात, या वेळी सगळं स्कॉटलंड उतरणार. मी त्याला म्हटलं, “तुझा मामा इंग्लंडचा पाद्री आहे.” तर म्हणाला, “मामाशी कुठं लढतोय? मामाच्या राजाशी लढतोय.” मी म्हटलं, “राजा पुढं उभा राहत नाही रे. पुढं हॉब उभा राहतो.” त्यावर तो भाला घासत बसला.

माझं बोलणं त्याला पाठ आहे, म्हणून ते कानांत शिरत नाही. तुझं तो ऐकतो. त्याला लिही. थट्टा नको करूस, गिब. साधं लिही.

मरियोटा

•

एल्डरफर्ड
मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, ऑगस्ट १४०२

पूजनीय ताईस,

कैदी सुखरूप पोचले असतील. बिशपनी निघताना हॉबच्या पोटरीचा चावा घेतला, ही गोष्ट आम्ही युद्धाच्या नियमांत बसवून घेतली आहे.

पिसं मिळाली. हॉब इतका खूश झाला, की रविवारी घंटा दोनदा वाजवून बसला. किल्ल्यावरून बाणांची मागणी आली आहे, आणि गावात पिसांचा दुष्काळ. तुमच्या हंसांनी आमच्या राजाची चाकरी पत्करली म्हणायची. लाल पट्ट्याची पिसं हॉबनं वेगळी काढली आणि त्यांचे बाण स्वतःच्या भात्यासाठी ठेवले. त्यांना तो ‘नन’ म्हणतो. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, “सरळ जातात. मागं वळून बघत नाहीत.”

दर रविवारी मिस्साची प्रार्थना झाली की आमची माणसं चर्चच्या अंगणात नेमबाजी करतात. राजाचा तसा हुकूमच आहे. दाराच्या दगडावर बाणांची टोकं घासून घासून इतके चर पडले आहेत, की लहान मुलं त्यांत बोटं घालून खेळतात. मग सगळे बाण माझ्यासमोर मांडतात आणि मी त्यांवर पवित्र पाणी शिंपडतो. मी जन्माला येण्यापूर्वीपासून हे असंच चालत आलं आहे. त्याचा मी फार विचार केलेला नाही.

निनियनला साधं लिही म्हणालीस. तीनदा बसलो. तिन्ही वेळा लॅटिनमध्ये सुरुवात झाली, तेव्हा कळलं की मला काही सांगायचं नाहीये, नुसता धाक घालायचा आहे. म्हणून तूच त्याला वाचून दाखव: ‘बाळ निनियन, तुला पोहायला शिकवलं ते परत येता यावं म्हणून. बाकी काही जमलं नाही तरी चालेल.’

तू फार मनाला लावून घेऊ नकोस. मोठ्या फौजा निघतात, दोनचार आठवडे गुरं हाकतात, गवताच्या गंजी जाळतात आणि थंडी पडायच्या आत घरी येतात. आपल्या हयातीत बहुतेक वेळा असंच झालं आहे. याही वेळी तसंच होईल.

वॅटला जवाची गरम बिअर पाजली. दोन पेले रिचवून तो म्हणाला, “इकडचा खोकला बरा आहे, तिकडं गेल्यावर वाढतो.” त्याला बऱ्याचदा पाठवत जा.

गिल्बर्ट

•

मठ
मरियामातेच्या जन्मदिवसाच्या आदल्या दिवशी, सप्टेंबर १४०२

गिब,

सगळे गेले. इतकी माणसं मी आयुष्यात एका जागी पाहिली नव्हती. त्यांनी नदी ओलांडली त्या उतारापाशी पाणी पुढं दिवसभर गढूळ वाहत होतं. आता ऐकू येतं, की ते टाईन नदीपर्यंत पोचले आणि लूट घेऊन माघारी वळले आहेत. वाटेवर तुमची फौज गोळा होते आहे, हेही ऐकू येतं. तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

जायच्या दिवशी निनियन निरोप घ्यायला आला. कातडी टोपी घातली होती. ती मी काढून घेतली आणि आपल्या हंसाचं एक लाल पीस पुढच्या बाजूला शिवून टाकलं.

“मावशी, मी लढायला चाललोय, लग्नाला नाही.”

“लग्नाला गेला असतास तर पीस लावलं नसतं. लग्नातून माणूस आपसूक परत येतो.”

“हॉबनं पाहिलं तर हसेल.”

“हसू दे. हसणारा माणूस बाण सोडत नाही.”

मग तो खरोखर हसला आणि माझ्या पाया पडला. पाया पडताना टोपी घसरली, तीही मीच सरळ केली.

आता तू एक काम कर. हॉबला आणि गावातल्या प्रत्येक धनुष्यवाल्याला बोलावून सांग, की ज्याच्या टोपीत लाल पीस दिसेल तो आपला आहे. गिल्बर्ट पाद्रीचा भाचा आहे. त्याच्यावर हत्यार उचलायचं नाही. पीस त्यांच्या ओळखीचंच आहे. मी आयुष्यात तुझ्याकडे फारसं काही मागितलेलं नाही.

मरियोटा

•

एल्डरफर्ड
सप्टेंबर १४०२, पवित्र क्रूसाच्या सणाआधीचा शनिवार

पूजनीय ताईस,

निरोप मिळाला आणि पोचवला. माणसं चर्चच्या दाराशी बाणांना धार लावत होती, तिथंच सगळ्यांना एकत्र करून सांगितलं. सर्वांनी ऐकून घेतलं. हॉबनं मान हलवली. त्यानं स्वतःच्या हातांनी इतकी लाल पिसं बांधली आहेत, त्याला ती ओळखू येणार नाहीत तर कुणाला? आज दुपारी ते किल्लेदाराच्या माणसांबरोबर गेले. गाव रिकामं झालं. संध्याकाळची घंटा मीच वाजवली आणि ती इतकी वाईट वाजली, की तुमच्याकडे ऐकू आली असल्यास क्षमस्व.

तू निश्चिंत राहा.

गिल्बर्ट

•

एल्डरफर्ड
सप्टेंबर १४०२, लढाईनंतरचा रविवार

ताई,

तुझ्याकडे निनियन आला आहे का? आला असेल तर पुढचं वाचू नकोस, वॅटला लगेच पाठव.

आला नसेल तर मी काय पाहिलं ते सांगतो. क्रूसाच्या सणादिवशी होमिल्डनच्या टेकडीवर लढाई झाली, हे एव्हाना तिकडे कळलंच असेल. हॉब आणि आमची सगळी माणसं धडधाकट परत आली. एकालाही ओरखडा नाही. त्यावरूनच मला कळलं, की काय झालं असेल.

हॉबला बरोबर घेऊन मी टेकडीवर गेलो. दोन्हीकडचे पाद्री तिथं आले होते, माणसं पुरायला. तुमची फौज उतारावर दाटीवाटीनं उभी होती, मेंढरं वादळात उभी राहतात तशी, आणि आमच्यांनी समोरच्या उंचवट्यावरून बाण सोडले. सोडतच राहिले. शेवटी तुमची थोडी माणसं खाली धावून आली, तीही अर्ध्या वाटेत संपली. बाकीचे पळाले ते नदीकडे. तिथं किती बुडाले ते देव जाणे. भाले असलेल्यांना भाल्याच्या अंतरावर कुणी भेटलंच नाही.

मी टोपीतलं लाल पीस शोधत होतो. तू सांगितलं होतंस ना, लाल पीस दिसेल तो आपला. ताई, लाल पिसं पुष्कळ दिसली. गवतात दिसली, ढालींत दिसली, आणि आणखी जिथं दिसली ते मी लिहीत नाही. टोपीत एकही नव्हतं. प्रत्येक वेळी लांबून लाल दिसलं की मी धावत जायचो, आणि जवळ गेल्यावर तो हॉबचा बाण असायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर हॉब मला अडवायला लागला. म्हणाला, “पाद्रीबाबा, तुम्ही थांबा, मी बघून येतो.” मग तो जायचा, वाकून बघायचा आणि नकारार्थी हात हलवायचा. शेवटी एका दगडावर बसला आणि उठेचना.

एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. त्या शनिवारी मी सगळ्यांना पिसाचं सांगितलं तेव्हा हॉबनं मान हलवली, हे खरं. पण मान हलवून तो म्हणाला होता, “सांगितलंत ते बरं केलंत, पाद्रीबाबा. पण टोपीतलं पीस दिसेल इतक्या जवळ आम्ही जातच नाही.”

हे ऐकूनही मी तुला निश्चिंत राहा असं लिहिलं. आणि त्यानंतर त्यांचे बाण मांडून घेतले, पाणी शिंपडलं.

निनियन बुडणाऱ्यांतला नाही. मला एवढंच पक्कं माहीत आहे. नदीकाठ धुंडाळायला वॅटला सांग. इकडचा काठ मी बघतो.

गिब

•

मठ
संत मायकेलच्या सणानंतर, ऑक्टोबर १४०२

गिब,

निनियन आहे. आधी एवढं वाच, मग खाली बस.

तुझं पत्र आलं तेव्हा तो इथंच होता, पण जगतो की जातो हे कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. तू निश्चिंत राहा असं लिहायची माझी तयारी नव्हती.

लढाईच्या दुसऱ्या दिवशी पहाटे बिशप नदीकाठी असा काही ओरडायला लागला, की वॅटला वाटलं कोल्हा आला. काठी घेऊन गेला तर लव्हाळ्यांत निनियन पडलेला. उजव्या खांद्यात बाण, दांडा अर्धवट मोडून लोंबणारा. एका हातानं पोहून आला होता. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं, “मामाला सांग, जमलं.”

बाण मी काढला. एका वैद्याकडून एक भगिनी हे शिकून आली आहे, पण तिनं चिमटा माझ्याच हाती दिला. जखमेत मध भरला आहे. ताप उतरतो आणि परत चढतो. हात हलत नाही. वॅट त्याच्यापाशी बसून असतो, स्वतः खोकत खोकत. दोघांपैकी कोण कुणाची शुश्रूषा करतो हे सांगणं अवघड आहे. वॅट त्याला म्हणतो, “पोरा, आधी मी जाणार, रांग मोडू नकोस.”

टोपीतलं पीस तुला सापडलं नाही, कारण ते त्यानं लढाईच्या सकाळी स्वतःच उसवून टाकलं होतं. मी विचारलं का, तर म्हणाला, “मावशी, बाकीच्यांना नसलेलं चिलखत मी एकट्यानं कसं घालू?” त्याला तसं वाढवलं कुणी, तर मीच.

आणखी एक सांगितलं त्यानं. बाण पडायला लागले तेव्हा काही त्याच्या पायाशी जमिनीत घुसले, पिसं वर. लाल. त्यानं शेजारच्याला कोपर मारून दाखवलं, “ए, हे बघ, आमचे हंस.” दोघं हसले. शेजारचा हसता हसताच खाली बसला, तो उठला नाही. कॉलिन नाव होतं त्याचं. पलीकडच्या खेड्यातला. ताप चढला की निनियन त्याला हाका मारतो.

तू विचारशील म्हणून आधीच सांगते. त्याच्या खांद्यातल्या बाणाचं पीस कुठल्या रंगाचं होतं ते विचारू नकोस.

हॉबचं बोलणं तू मला कळवलं नाहीस. कळवलं असतंस तरी मी दुसरं काय केलं असतं? पीस शिवलंच असतं. पिसं तुला मीच दिली होती, थट्टेत, तुझ्या कोबीपायी. हे सगळं मला कळतं. तरी मला कुणावर तरी रागवायचं आहे, आणि राजे लांब आहेत. तू जवळ आहेस. थोडे दिवस रागावू दे.

मरियोटा

•

एल्डरफर्ड
संत मार्टिनच्या सणाच्या आठवड्यात, नोव्हेंबर १४०२

पूजनीय ताईस, गिल्बर्टचा नमस्कार.

विनंती अशी की, राज्यावर पुन्हा परचक्र आलं आहे. सेनापती तेच. या वेळी कोबी उरलेलीच नव्हती, म्हणून त्यांनी माझ्या सलगमाच्या वाफ्यात तळ दिला. मार्टिनचा सण तोंडावर आलेला, घरोघर हंस कापायच्या सुऱ्या परजल्या जाताहेत, अशा दिवसांत शत्रूच्या प्रदेशात येणं याला शौर्य म्हणावं की मूर्खपणा, हे मला ठरवता आलं नाही. मी आणि हॉब कुंपणापाशी उभे राहून नुसते बघत होतो.

“हाकलू का?” हॉबनं विचारलं.

“नको.”

“कोंडवाड्यात घालू?”

“नको. खाऊ दे.”

बिशप खाऊन झाल्यावर आमच्याकडे आले, हॉबच्या पोटरीकडे पाहिलं आणि न चावताच निघून गेले. हॉबला ते फार लागलं. त्यापेक्षा चावला असता तर बरं, असं म्हणाला.

किल्ल्यावरून पुन्हा बाणांची मागणी आली आहे. हॉब आता लाल पिसं घेत नाही. भात्यात उरलेले ‘नन’ त्यानं माझ्याकडे आणून टाकले. “तुम्हीच काय ते करा,” म्हणाला. त्यांचं काय करावं मला कळत नाही. चर्चमध्ये ठेवता येत नाहीत, जाळवत नाहीत. ते पलंगाखाली आहेत. निनियनचं सगळं मी त्याला सांगितलं, कॉलिनचंही. तो बराच वेळ दाराच्या दगडातल्या चरांवरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “मी एकावरही नेम धरला नव्हता, पाद्रीबाबा. तेच तर आहे. आभाळाकडे सोडायचे असतात. कुणावर पडतात ते आभाळ ठरवतं.” रविवारी बाण मांडले गेले तेव्हा मी पाणी शिंपडायला गेलो नाही. ताप आला आहे असं सांगितलं. पुढच्या रविवारी काय सांगायचं ते ठरवलेलं नाही.

हॉबच्या बायकोनं निनियनसाठी ओटच्या भाकऱ्या दिल्या आहेत, फडक्यात बांधून. शत्रूचं अन्न आहे, संपवायला सांग, असा तिचा निरोप. हे पत्र आणि भाकऱ्या सामन मासे धरणाऱ्या एका कोळ्याच्या हाती पाठवतो आहे. बरेच दिवस झाले, वॅट आला नाही. तुझंही पत्र नाही. तू रागावलेली आहेस असं मी धरून चाललो होतो. रागावणं परवडलं.

ताई, इथवर जे लिहिलं ते पुढचं लिहावं लागू नये म्हणून लिहिलं.

मंगळवारी दुपारी मी आणि हॉब कुंपणाच्या काटक्या बांधत होतो, तेव्हा नदीपलीकडे तुमची घंटा वाजली. वारा इकडे वाहत होता, स्पष्ट ऐकू आली. हॉब घंटा वाजवणारा माणूस, मरणाच्या घंटेचे ठोके त्याला कळतात: बाई गेली तर दोनदा तीन, पुरुष गेला तर तीनदा तीन. त्यानं टोपी काढली आणि म्हणाला, “बाईमाणसाची नाही, पाद्रीबाबा. पुरुषाची आहे.”

तुमच्या भिंतीच्या आत पुरुष दोनच.

मी तिथंच चिखलात गुडघे टेकले. मेलेल्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करायची असते, ती मला तोंडपाठ आहे, हजारदा म्हटलेली आहे. ती आठवली नाही. मी देवाला म्हटलं, वॅट असू दे. ज्या म्हाताऱ्यानं निनियनला लव्हाळ्यांतून बाहेर काढलं, त्याच्याच मरणाची प्रार्थना मी केली, आणि अजून करतो आहे. तो खोकत खोकत माझ्या चुलीपाशी बसायचा. त्याची मला माया होती.

मला भीती वाटते आहे. दुसरं काही नाही. कोण गेलं ते कळव.

गिब